बरोबर दिसणारा चुकीचा आकडा

डेटाबेस बंद पडला की सगळे कार्यालय खडबडून जागे होते. फोन वाजू लागतात, साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहतात, कोणीतरी चहा मागवतो. खरे तर हा बिघाड सगळ्यांत सोपा. यंत्र स्वतःच सांगते की मी बिघडलो आहे; बहुतेक वेळा कुठे बिघडलो तेही सांगते. डिस्क भरलेली असते, पासवर्ड बदललेला असतो, नाहीतर एखादा प्रश्न विचारताना लाखो नोंदी पहिल्यापासून चाळाव्या लागत असतात आणि योग्य त्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, केली की काम भागते.

मला धास्ती असते ती दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाची. अहवाल उघडतो, रंगीत आलेख दिसतात, खाली बेरीज येते, कुठेही लाल अक्षर नसते आणि बेरीज चुकलेली असते. पॉवर बीआय, टॅब्लो यांसारख्या ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे असे अहवाल काढणे सोपे झाले. त्याबरोबर चुकीचा आकडा देखणा करणेही सोपे झाले.

काही वर्षांपूर्वी एका दूध संघासाठी मी असा अहवाल बसवला होता. कोणत्या संकलन केंद्रावर किती दूध येते, टेम्पोचा खर्च निघतो का, हे त्यात एका नजरेत दिसे. त्याच्या आधारे तोट्यातली केंद्रे बंद करायची यादी तयार झाली. यादीतल्या एका गावचे सचिव वही घेऊन थेट संघाच्या कार्यालयात आले. अहवालात त्यांच्या केंद्राचे दूध दिवसाला १९० लिटर होते, वहीत ४१०. ते एवढेच म्हणाले, “साहेब, दूध आम्ही घातलंय. मग ते गेलं कुठं?”

माझे पहिले मत त्यांच्याविरुद्ध होते, हे कबूल करतो. वही हाताने लिहिलेली, अहवाल संगणकाचा. पण तपासणीचा एक जुना नियम मी पाळला: मूळ नोंदीपासून एकेक पायरी चढत जायचे आणि प्रत्येक पायरीवर ओळी मोजायच्या. केंद्रावरून आलेल्या नोंदी किती, डेटाबेसच्या तक्त्यात किती, दुसऱ्या तक्त्याशी जोडल्यावर किती, अहवालात किती. ज्या पायरीवर संख्या बदलते तिथे चोर. केंद्राच्या नोंदी डेटाबेसमध्ये पूर्ण होत्या. गावांच्या यादीशी जोडल्याबरोबर निम्म्याहून अधिक नाहीशा झाल्या.

गावाच्या नावात ‘ऱ्ह’ होता, कऱ्हाडमध्ये असतो तसा. ‘ह’ला चिकटलेला हा पापणीसारखा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. कऱ्हाड आणि कर्‍हाड: डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण यूटीएफ-८ या नेहमीच्या संकेतात पहिला शब्द १८ बाइटचा आहे आणि दुसरा २१ बाइटचा. पोस्टग्रेससारखा डेटाबेस मुळात बाइट पाहतो. त्याच्या लेखी ही दोन गावे. युनिकोडचे ठरलेले प्रमाणीकरण चालवले तरी ती एक होत नाहीत.

संघाच्या जुन्या नोंदी एकेकाळी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या. त्यांचे रूपांतर करताना गावांची यादी दुसऱ्या रीतीने लिहिली गेली. नवीन नोंदी मोबाइलवरून येत, त्या पहिल्या रीतीने. जोडणी ‘इनर जॉइन’ची, म्हणजे दोन्हीकडे जुळेल तेच ठेवायचे. जे जुळले नाही ते मुकाट्याने गळाले. सगळ्या संघाच्या बेरजेत ही घट इतकी लहान होती की ती कोणाच्या डोळ्यांत आली नाही. त्या एका गावापुरती ती निम्म्याहून मोठी होती.

उपाय दोन ओळींचा. गावाला नावाऐवजी क्रमांक द्यायचा आणि जोडणी क्रमांकावर करायची. तोवर न जुळलेल्या नोंदी फेकून न देता ‘अज्ञात’ या ओळीत दाखवायच्या. ती ओळ मी आधीच ठेवली असती तर सचिवांना एसटीचे तिकीट काढावे लागले नसते.

माझी चूक एका गावापुरती होती. इंग्लंडमध्ये २०२० साली हीच जात फार मोठ्या प्रमाणावर दिसली. कोविडच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित सरकारी आकड्यांत वेळेवर आलेच नाहीत. त्या लोकांना त्यांचा निकाल कळला होता. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणे मात्र लांबले. तिथेही पाठवलेल्या आणि पोचलेल्या ओळी मोजून ताडल्या असत्या तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

ओळी गळतात तशा वाढतातही. सोळा तारखेपासून नवा दर लागू झाला, पण जुन्या दराची शेवटची तारीख भरायची राहिली, की सोळानंतरच्या प्रत्येक नोंदीला दोन दर जुळतात आणि दूध दुप्पट होते. अशा वेळी घाईत ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द घालून सारख्या दिसणाऱ्या ओळी काढून टाकण्याची पद्धत फार पसरली आहे. माझ्या मते हा इलाज आजारापेक्षा वाईट. एकाच सकाळी दोन घरांनी आठ-आठ लिटर दूध घातले आणि प्रश्नात घराचा क्रमांक घेतलेला नसला, तर त्यातले एक घर पुसले जाते.

कोरी जागा हा आणखी एक फसवा प्रकार. तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. माहिती नसल्याची वेगळी खूण हवी हा आग्रहही पुढे त्यांनीच धरला. तीच ‘नल’. नल म्हणजे शून्य नव्हे. म्हशीच्या दुधाचे फॅट एके दिवशी ६, दुसऱ्या दिवशी ७, तिसऱ्या दिवशी यंत्र बंद म्हणून कोरे, तर सरासरी साडेसहा. कोणी व्यवस्थितपणाच्या हौसेने कोऱ्या जागी शून्य भरले की ती ४.३३ होते. दर फॅटवर असतो, तेव्हा हा फरक थेट उत्पादकाच्या खिशातून जातो.

आणि साडेपाच तास. बरेच डेटाबेस वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे पाचला घातलेले दूध तिथे आदल्या रात्री साडेअकराला नोंदले जाते. वेळ न बदलता नुसती तारीख उचलली, तर एक तारखेचे पहाटेचे दूध मागच्या महिन्यात जाते. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत ‘आज’ची तारीखही जागतिक वेळेचीच असते, त्यामुळे आपल्या संगणकावर बरोबर चालणारा अहवाल तिथे चढवल्यावर पहाटे साडेपाचपर्यंत ‘काल’मध्येच असतो. त्याच सेवेत माहिती आपोआप ताजी करण्याचे वेळापत्रक लागोपाठ चार वेळा फसले की बंद होते आणि आलेख मात्र जुने आकडे घेऊन तितकेच टवटवीत दिसत राहतात. म्हणून मी प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर शेवटची नोंद कोणत्या वेळेची आहे ते ठळक छापतो. नक्षीत ते बसत नाही अशी तक्रार येते, येऊ द्या.

ते केंद्र यादीतून निघाले. सचिव आता महिनाअखेरीस वहीच्या पानाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मी तो अहवालाशी ताडून पाहतो. गेल्या महिन्यात सहा लिटरचा फरक आला. पहाटेचे दूध तपासले, दरांच्या तारखा तपासल्या, तिथे काही नाही. उद्या कोऱ्या जागा बघायच्या आहेत.