आबांचं खरं खातं

1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगलीत आणि त्यांचं कराड साताऱ्यात. यशवंतराव दिल्लीला गेले. पद्माळ्याचे वसंतदादा सहकाराच्या बळावर मुख्यमंत्री झाले. पुढच्या पिढीतल्या आर. आर. पाटलांच्या पाठीशी मात्र ना साखर कारखाना होता, ना शिक्षणसंस्थांचं जाळं.

रावसाहेब रामराव पाटील यांचा जन्म 16 ऑगस्ट 1957 चा, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये ‘कमवा आणि शिका’तून शिकलेला हा मुलगा 1979 मध्ये सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेला. 1990 पासून सलग सहा वेळा आमदार. दुष्काळी पट्ट्यातली माणसं त्यांना आबाच म्हणत.

आबा म्हटलं की लोकांना गृहखातं आठवतं. माझ्या मते त्यांचं मोठं काम त्याआधीचं, 1999 नंतर ग्रामविकासमंत्री असतानाचं. 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यातली मेख अशी की सरकारनं आधी अनुदान वाटलं नाही. गावांमध्ये स्पर्धा लावली आणि बक्षीस ठेवलं. मग गावंच कामाला लागली. उकिरडे गावाबाहेर गेले, सांडपाण्याला शोषखड्डे झाले, भिंती रंगल्या. तपासणी समिती येणार म्हटलं की सरपंचापासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांच्या हातात खराटा. समितीची माणसं पाण्याची टाकी पाहत, गटारात डोकावत, संडास खरंच वापरात आहे का हेही बघत. हागणदारीचा विषय ग्रामसभेत उघडपणे बोलला जाऊ लागला, आणि सर्वांत जास्त सुटका झाली ती अंधार पडायची वाट पाहणाऱ्या बायकांची. 2003 मध्ये केंद्रानं निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातल्या गावांची तयारी आधीच झालेली होती.

गृहखात्यात मात्र त्यांचा हिशेब चुकला. 2005 ची डान्सबारबंदी गावाकडच्या अनेक घरांना दिलासा वाटली, पण बारमध्ये पोट भरणाऱ्या बायकांचं पुढे काय, याचं उत्तर सरकारकडे नव्हतं. उच्च न्यायालयानं 2006 मध्ये बंदी रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. 26/11 नंतर हल्ल्याला किरकोळ ठरवणारं एक वाक्य तोंडून गेलं आणि 1 डिसेंबर 2008 रोजी गृहखात्यासह उपमुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. ते वाक्य अक्षम्यच होतं. वर्षभरात ते पुन्हा गृहमंत्री झाले.

याच खात्यात बसून 2007 मध्ये त्यांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली, ती मात्र अस्सल आबांची. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे भाऊबंद गावच्या समितीपुढे बसू लागले.

16 फेब्रुवारी 2015 रोजी कर्करोगानं आबा गेले. 2020 मध्ये राज्य सरकारनं स्मार्ट ग्राम योजनेला त्यांचं नाव दिलं. त्या योजनेच्या पुरस्कारासाठीही गावाचे स्वच्छतेचे गुण मोजले जाऊ लागले.