वादळाआधीची आगोट

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या घरात आगोट भरली जाते: तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा. कॅरिबियन बेटांवरचा हरिकेनचा मोसमही १ जूनलाच सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच. महासागर बदलला की नाव बदलतं, एवढंच. भूकंपाला महिना नसतो, याला असतो. तरीही परदेशातून तिथे मदतकार्याला गेलेला माणूस म्हटला की आपल्याला दिसतो तो वादळानंतरचा: हेलिकॉप्टर, पोती, रांगा. माझ्या मते त्याच्या कामाचा मोठा वाटा मे महिन्यातच उरकलेला असायला हवा. वादळानंतर तो जे करतो, त्यातलं बरंचसं आधी न झालेल्या कामाची भरपाई असते.

हैतीचं उदाहरण घेऊ. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘मॅथ्यू’ हे हरिकेन ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह या देशाच्या नैर्ऋत्य टोकावर आदळलं. पेती-ग्वाव्हजवळचा पूल वाहून गेला आणि राजधानीहून दक्षिणेकडे जाणारा हमरस्ता तुटला. आता राजधानीत ताडपत्र्यांचे ढीग असले काय नि नसले काय, त्या नैर्ऋत्य टोकाकडच्या जेरेमी शहरातल्या बिनछपराच्या घरांना त्यांचा उपयोग शून्य. सरकारी आकड्यानुसार पाचशेहून अधिक माणसं दगावली. तेच वादळ त्याच दिवशी पुढे क्यूबाच्या पूर्व टोकाला धडकलं. तिथल्या बाराकोआ शहरात घरांची दैना झाली, पण क्यूबात एकही माणूस गेला नाही. तिथे दर मे महिन्यात देशभर आपत्तीची रंगीत तालीम होते, आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे हे गल्लीतल्या लोकांना ठाऊक असतं.

यावर कुणी म्हणेल, क्यूबात एकपक्षीय राजवट आहे. तिथे हुकूम सुटला की माणसं हलतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. हैतीत अनेकांनी घर सोडलं नाही, कारण मागे राहिलेली शेळी नि भांडीकुंडी चोरीला जाण्याची भीती होती, आणि जायचं तरी कुठे, हाही प्रश्न होताच. शेळीची सोय होईल असा निवारा उभारायला हुकूमशाही लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वादळ ऐनवेळी वाट बदलतं, मग आधी केलेला खर्च वाया जाणार. पण यंदा न वापरलेली ताडपत्री पुढच्या मोसमातही ताडपत्रीच असते. पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची मुदत संपते, त्या वेळेवर बदलाव्या लागतात. हे गोदामातल्या शिस्तीचं काम. खरी अडचण देणगीदारांची. उडालेल्या छपराच्या फोटोवर पैसे मिळतात, न उडालेल्या छपराचा फोटो कोण छापणार? रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ साली अंदाज येताच, वादळापूर्वीच पैसे सोडण्याची व्यवस्था केली, ती याच पेचातून.

मग परदेशी माणसाने जाऊच नये का? तसंही नाही. मॅथ्यूनंतर कॉलऱ्याचा उद्रेक वाढण्याचा धोका होता, आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिण हैतीत लाखो लोकांना तोंडावाटे लस दिली गेली. एवढी लस नि तिची शीतसाखळी बाहेरच्या मदतीवाचून उभी राहिली नसती. मात्र हा कॉलरा हैतीत आला होता २०१० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून, सांडपाण्याची नीट व्यवस्था न केल्यामुळे. पाहुण्याने आधी स्वतःचा संडास नीट बांधावा, ही अपेक्षा काही फार नव्हे. मदतीला येणाऱ्याची पारख करताना म्हणूनच त्याने किती पोती वाटली, हे मी नंतर विचारीन. आधी विचारीन की तुझं गोदाम पेती-ग्वाव्हच्या पुलाच्या अलीकडे आहे की पलीकडे, आणि त्याची किल्ली तिथल्या कुणाकडे आहे का.