गुडघेदुखी: आधी मांडीचा स्नायू, मग बाकीचं

एक्स-रे पाहून कुणी ‘गॅप कमी झालीय’ म्हटलं की पेशंटच्या डोक्यात ऑपरेशनच घोळायला लागतं. पण एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. भरपूर झीज असलेला माणूस जिने चढतो आणि जेमतेम झीज असलेल्याला जमिनीवरून उठवत नाही. म्हणून रोजच्या जगण्यात काय अडतंय, यावरून उपचार ठरवावेत.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे झीज सहसा भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात. दुखतं ते कूर्चेखालचं हाड आणि सांध्याचं सुजलेलं अस्तर. त्यामुळे कूर्चा परत आली नाही तरी दुखणं कमी होऊ शकतं. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असला, किंवा पडल्यावर पाय टेकवेनासा झाला, तर मात्र ही नेहमीची झीज नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चालताना बसणारा हिसका मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. दुखतं म्हणून आपण हालचाल कमी करतो, स्नायू बारीक होतो, भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. हे चक्र तोडणं हाच पहिला उपचार. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीवर हात ठेवलात तर स्नायू घट्ट झालेला हाताला कळेल. पाच आकडे मोजून सोडा, असं दहादा करा. हे जमलं की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, नंतर हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं-बसायचं. थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं पूर्ववत झालं तर व्यायामाचं प्रमाण बरोबर आहे. नाही झालं तर कमी करा. फरक कळायला सहा ते बारा आठवडे जातात. अनेक जण पंधरवड्यातच सोडून देतात आणि ‘व्यायाम करून पाहिला, उपयोग नाही’ म्हणतात, याची मला फार हळहळ वाटते.

वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उकिडवं बसणं टाळावं, घरात कमोड बसवून घ्यावा.

औषधांत आधी डायक्लोफिनॅकचं जेल. वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या ठीक, पण मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन् महिने खाल्ल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब, तिन्हींना धोका. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. मात्र २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते दिलेल्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखणं मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा कमी झालं नाही. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्सचं, म्हणजे पीआरपीचं, महागडं इंजेक्शनही २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर मिठाच्या पाण्याहून सरस ठरलं नाही. दुर्बिणीतून सांधा ‘साफ’ करण्याचंही तसंच. २००२ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १८० रुग्णांपैकी काहींना नुसते वरवरचे छेद दिले. त्यांना खऱ्या शस्त्रक्रियेइतकाच आराम पडला. झिजेसाठी असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

हे सगळं मनापासून करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर सांधेबदल हा उत्तम उपाय आहे. झीज आतल्या एकाच बाजूला असेल तर अर्धाच सांधा बदलता येतो; तरुण, वाकड्या पायाच्या रुग्णात कधी हाड कापून पाय सरळ करतात. पूर्ण बदललेल्या सांध्यांपैकी शंभरातले सुमारे ८० पंचवीस वर्षं टिकतात. मात्र पाचातल्या एकाला नंतरही काही दुखणं राहतं, हे सर्जनशी आधीच बोलून घ्यावं. भारतात २०१७ पासून कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच वॉकर धरून चालवतात. पहिल्या सहा आठवड्यांत गुडघा वाकवण्याचे व्यायाम चुकले तर सांधा आखडतो, तेव्हा फिजिओथेरपिस्टची वेळ ऑपरेशनच्या तारखेसोबतच ठरवून ठेवा.