सही करता येते, पण वाचता येत नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत बसणाऱ्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला दिला तर काय होते, हे एकदा प्रत्येक कार्यकर्त्याने पाहावे. मूल अडखळते, चित्राकडे पाहते, अंदाजाने शब्द म्हणते. वही मागितली तर मात्र वही सुंदर असते. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवलेले, अक्षर मोत्यासारखे! उतरवणे म्हणजे लिहिणे नव्हे, हे पालकाला कळत नाही आणि तपासणीला आलेल्या साहेबाला कळून घ्यायचे नसते.

'प्रथम' संस्थेच्या २०२४ च्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या १०० मुलांपैकी फक्त २३-२४ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. पाचवीपर्यंत गेले तरी हा आकडा ४५ च्या पुढे जात नाही. या शाळांत आता कोणाची मुले उरली आहेत? भूमिहीनांची, ऊसतोड कामगारांची, पारध्यांची, आदिवासींची आणि आपली. ज्यांची ऐपत होती त्यांनी मुले इंग्रजी शाळेत घातली. त्यात आपल्या समाजातला नोकरदार वर्गही आला. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण गावातल्या शाळेत जाब विचारू शकणारा, लिहिता-वाचता पालक त्यामुळे निघून गेला, ही गोष्ट खरी आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळते, हा हिशोबच मांडला होता. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ती प्रत्यक्षात आणण्यास सुरुवात केली. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना सरकारचीच आकडेवारी सरकारच्या तोंडावर मारली : शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. प्राथमिक शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हे त्यांचे माप होते. दारूवरच्या करातून लोकांकडून जेवढा पैसा घेता, निदान तेवढा तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असेही त्यांनी सुनावले होते.

आज फरक एवढाच की ती ब्याऐंशी मुले शाळेबाहेर फेकली जात नाहीत. ती वर्गातच बसतात. हजेरी लागते, खिचडी मिळते, वरच्या वर्गात ढकलली जातात. गळती कमी झाल्याचा आकडा मंत्रालयात जातो. निरक्षरता मात्र गणवेश घालून आठवीपर्यंत येते.

याचा परिणाम आम्ही न्यायालयात पाहतो. अॅट्रॉसिटीच्या एका खटल्यात आमच्या फिर्यादी भगिनी सातवी शिकलेल्या. ठाण्यात त्यांनी सगळे सांगितले, जातीवरून दिलेली शिवीही सांगितली. लिहिणाऱ्याने ती शिवी गाळली. खाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे' असे छापील वाक्य आणि त्याखाली बाईंची सही. उलटतपासात पहिला प्रश्न हाच आला : फिर्यादीत जातीचा उल्लेख का नाही? आता कायदा पक्का आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सही घेण्याआधी फिर्याद वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. पण काय वाचून दाखवले आणि काय लिहिले, हे पडताळायला स्वतःचेच डोळे लागतात. अंगठ्याच्या जागी सही आली, एवढीच प्रगती आम्ही किती दिवस मिरवायची?

मग वाचायला शिकवायचे कसे? हा प्रश्न आपल्या चळवळीने फारसा हाती घेतला नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांवर आपण मोर्चे काढले आणि ते काढलेच पाहिजेत. पण पहिलीचा वर्ग आपल्या अजेंड्यावर कधी आला नाही. वर्णमालेचा तक्ता 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत घोकून घेतला की मूल महिनोन्‌महिने अक्षरे म्हणते, पण त्याच्या हाती अर्थाचा एकही शब्द लागत नाही. ङ आणि ञ पहिलीच्या मुलाच्या काय कामाचे? त्याउलट क, म, ल, र ही चार अक्षरे आणि एक काना दिला, तर आठवड्याभरात मूल काका, मामा, काम, माल, लाल, कमाल असे शब्द स्वतः जुळवून वाचते. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित मुलांबरोबर काम सुरू केले. प्रगत शिक्षण संस्था त्यातूनच उभी राहिली. म्हणजे ही मुले 'ढ' असतात हे म्हणणे तेव्हाच खोटे ठरले होते.

दुसरी गोष्ट भाषेची. मूल 'पानी' म्हणते आणि वर्ग हसतो. गुरुजीही हसतात. त्या हसण्यात उच्चाराची चूक कमी आणि जात जास्त असते. ज्याला पहिल्याच महिन्यात आपल्या आईची भाषा अशुद्ध असल्याचे कळते, ते मूल पुढे तोंड उघडत नाही. आणि जे बोलत नाही ते लिहिणार काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिक्षण असे म्हटले आहे. आमच्या मते वऱ्हाडी, अहिराणी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलाने पहिले वाक्य आपल्या बोलीत लिहिले तर ते लाल शाईने खोडू नये. प्रमाणभाषा त्याला यायलाच हवी, अर्ज-निवाडे त्याच भाषेत असतात. पण ती नंतर येऊ द्या.

सगळे खापर शिक्षकावर फोडणेही आम्हाला मान्य नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, वर ऑनलाइन माहिती आणि आहाराच्या नोंदी. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. निवडणुकीचे कामही सुट्टीच्या व बिनशिकवणीच्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. आणि सरकारची युक्ती पाहा : आधी शिक्षक भरायचे नाहीत, पट घसरला की शाळा बंद करायची. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांवर कुऱ्हाड आली, २०२३ साली 'समूह शाळा' हे गोंडस नाव पुढे आले. वस्तीवरची शाळा गेली की पहिली घरी बसते ती मुलगी.

विहारात संध्याकाळी तासभर वाचनवर्ग घ्यावा, हे आम्ही जरूर सांगू. दहावी-बारावीची मुले-मुली हे काम करू शकतात. पण त्याने शाळेची जबाबदारी संपत नाही. कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. त्या जागा कागदावर भरून घेतल्या जातात. बैठकीला जा आणि इतिवृत्तावर सही करण्याआधी ते वाचून घ्या. तिसरीतली किती मुले वाचतात, हा एकच प्रश्न दर बैठकीत विचारा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा.

उत्तर मिळाले नाही तर कलम ३२ आहे. स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावात जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो, नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत मुलाचा वर्ग, शाळेचे नाव, मुलाला काय वाचता येत नाही आणि कोणते जादा वर्ग हवेत एवढे लिहा. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती जपून ठेवा.