खाते पुण्यात, दाद गोव्यात

नोकरीनिमित्त पुण्यात उघडलेल्या बचत खात्यातून बँकेने गैरवाजवी शुल्क कापले, तर गोव्यात स्थायिक झालेल्या खातेदाराला त्यासाठी पुण्याच्या खेपा घालण्याची आवश्यकता नाही. १९८६च्या कायद्यानुसार तक्रारदाराचे निवासस्थान विचारात घेतले जात नसे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करून पोच जपून ठेवावी. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. केवळ पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढत नाही. वकील सक्तीचा नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्कही पडत नाही.