सैद्धांतिक भौतिकीची परदेशी मास्टर्स : पैसे कोण देतं?

भौतिकीच्या पीएच.डी.ला अमेरिकेत पैसे मिळतात, हे आता आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. विद्यार्थी वर्ग घेतो, पेपर तपासतो, संशोधनात हातभार लावतो. विद्यापीठ फी माफ करून वर विद्यावेतन देतं. मास्टर्सवाला मात्र वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. त्याच्यावर खर्च करायला फारसं कुणी तयार नसतं. म्हणून ‘फंडेड मास्टर्स’ असं कुठे दिसलं, की फी, राहणं-खाणं आणि विमानप्रवास यांचे हिशेब वेगवेगळे मांडावेत.

म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठाची सैद्धांतिक व गणिती भौतिकीची मास्टर्स नावाजलेली आहे, आणि तिथे शिकवणीची फी नाही. पण शिष्यवृत्ती नसेल, तर जर्मन व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावी लागते. ती पुढे दरमहा आपल्यालाच मिळते. म्हणजे पैसे आपलेच!

कॅनडातल्या वॉटर्लूच्या पेरिमीटर इन्स्टिट्यूटची तऱ्हा वेगळी. ब्लॅकबेरीवाले माइक लझारिडिस यांच्या देणगीतून 1999मध्ये ही संस्था निघाली. 2009पासून ती ‘पेरिमीटर स्कॉलर्स इंटरनॅशनल’ हा सुमारे दहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालवते. पदवी वॉटर्लू विद्यापीठाची. फी आणि राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीत. विषय सत्रभर रेंगाळत नाहीत, काही आठवड्यांत सलग उरकतात. गुणांच्या चढाओढीपेक्षा एकत्र बसून गणितं सोडवण्यावर भर असतो, आणि शेवटी मार्गदर्शकाबरोबर एक छोटं संशोधन करायचं असतं. पाठांतरावर वर आलेल्याला हे जड जातं, असं माझं मत. आणखी एक अडचण : आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर कॅनडातली विद्यापीठं सहसा मास्टर्सला घेत नाहीत. त्यामुळे भारतातच एम.एस्सी. करून किंवा पुण्याच्या आयसरसारख्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विज्ञानसंस्थेतून अर्ज करणं सोयीचं.

इटलीत त्रिएस्तेला आहे आयसीटीपी, म्हणजे सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र. त्यामागे पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांचा अनुभव आहे. केंब्रिजहून 1951मध्ये ते लाहोरला परतले, तर भौतिकीवर बोलायला बरोबरीचं कुणी नाही, नवी नियतकालिकं नाहीत. 1954मध्ये त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. ही वेळ इतरांवर येऊ नये म्हणून त्यांनी 1964मध्ये हे केंद्र उभारलं. तिथला वर्षभराचा डिप्लोमा खास विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, म्हणजे आपल्यासाठीही. फी नाही; प्रवास आणि राहण्याचा खर्च केंद्राचा. जागा मात्र प्रत्येक शाखेत दहाच्या आसपास. कागदोपत्री ही मास्टर्स नव्हे, पीएच.डी.ची पूर्वतयारी म्हणून या डिप्लोमाकडे पाहावं.

सगळीकडे अर्जाचं खरं वजन शिफारसपत्रांत असतं. सरांना किंवा मॅडमना निदान दोन महिने आधी सांगा, आणि त्यांच्याकडे आपण नेमकं काय काम केलं, ते एका पानावर लिहून सोबत द्या.