मावळाला गाड्यांच्या कारखान्यांचा वेढा, तरी साधा टेम्पो मिळेना. असं का?

कामशेत, वडगाव किंवा पवनानगरच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, नवीन टेम्पो घ्यायचाय तर कसा पाहिजे? उत्तर ठरलेलं असतं.

हौदा लांब पाहिजे. पाटे दणकट पाहिजेत. घाटात भरल्या गाडीनं दम सोडायला नको. काच हातानं खालीवर झाली तरी चालेल, स्क्रीन नको, सेन्सर नको. आणि मुख्य म्हणजे बिघडली तर गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता आली पाहिजे.

मागणी अगदी साधी आहे. पण शोरूममध्ये गेल्यावर समोर येते ती टचस्क्रीन, मोबाईल ॲप, सेन्सर आणि सहा-सात वर्षांचा हप्ता.

गंमत बघा. मावळाच्या शेजारी पिंपरी-चिंचवडला टाटा मोटर्स, आकुर्डीला फोर्स मोटर्स, चाकणला महिंद्रा. खुद्द तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता, तो आता ह्युंदाईनं घेतलाय. म्हणजे मावळाला गाड्यांच्या कारखान्यांनी घेरलंय. मग इथल्याच माणसाला कामाची साधी गाडी का सापडत नाही? सगळं विस्कटून सांगतो.

आधी हे समजून घ्या, 'टेम्पो' हा शब्दच इथला आहे

आपण छोट्या मालवाहू गाडीला सरसकट टेम्पो म्हणतो. कंपनी कुठलीही असो. पण टेम्पो हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली एन. के. फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि या जर्मन कंपनीची 'हॅन्सीट' ही तीनचाकी गाडी भारतात बनू लागली. पुढे कंपनीचा कारखाना आकुर्डीत आला. १९६९ मध्ये मॅटॅडोर आली. २००५ मध्ये कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही गेला नाही.

दुसरी गाडी टाटा ४०७. ती आली १९८६ मध्ये. तो काळ जपानी कंपन्यांचा होता. डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, ऑल्विन-निसान अशा जोड्या एकदम बाजारात उतरल्या होत्या. त्या गर्दीत ४०७ नुसती टिकली नाही, तर आजही विकली जाते.

तिसरी टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती'. मे २००५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा किंमत होती सव्वादोन लाखांच्या आसपास. दोन सिलिंडरचं ७०० सीसीचं डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल. गिरीश वाघ यांच्या टीमनं ही गाडी बनवताना तीनचाकीवाल्यांशी बोलून त्यांना काय हवंय ते विचारलं होतं. त्यात एका पोरानं सांगितलं म्हणे, चार चाकांची गाडी असली की गावात लग्नाला चांगलं स्थळ येतं. खरं-खोटं काही असो, पण गाडी गिऱ्हाईकाला विचारून बनवली होती हे नक्की.

म्हणजे साधी, स्वस्त, कामाची गाडी बनवणं याच पट्ट्याला जमलं होतं. मग बदललं काय?

पहिलं कारण : बीएस-६

१ एप्रिल २०२० पासून देशात फक्त बीएस-६ गाड्याच विकता येतात. सरकारनं २०१६ मध्येच जाहीर केलं होतं की बीएस-४ वरून मधली बीएस-५ ची पायरी गाळून थेट सहावर जायचं. सुप्रीम कोर्टानंही २०१८ मध्ये निकाल दिला की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकायची नाही.

ही उडी किती मोठी होती? डिझेल कारचे आकडे बघा. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा जवळपास ६८ टक्क्यांनी खाली आली आणि धुरातल्या बारीक कणांची ८२ टक्क्यांनी. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणावं लागलं.

जुन्या साध्या इंजिनाला हे जमणं शक्यच नव्हतं. त्यामुळे डिझेल किती आणि कधी फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवू लागला. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली, तिला डीपीएफ म्हणतात. काही गाड्यांत डीईएफ नावाचं युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं. २०२३ पासून आणखी एक टप्पा आला. प्रदूषण रोखणारी यंत्रणा नीट चालते का, यावर गाडीनं स्वतःच सतत लक्ष ठेवायचं.

यात चूक काही नाही. जुना टेम्पो घाट चढताना मागं सोडायचा तो काळा धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जायचा. खंडाळ्याची आणि लोणावळ्याची हवा लोकांना स्वच्छ हवी असेल, तर हे व्हायलाच पाहिजे होतं. प्रश्न वेगळाच आहे. ही यंत्रणा आणि मावळातलं गाडी चालवणं, यांचं पटत नाही.

डीपीएफ आणि मावळातला रस्ता

डीपीएफमध्ये काजळी साठत जाते. ती मधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी साडेपाचशे-सहाशे अंशांची उष्णता लागते. ती कधी मिळते? गाडी एकसारख्या वेगानं पंधरा-वीस मिनिटं पळाली की. हायवेवर लांब जाणाऱ्या गाडीत हे आपोआप होतं, चालकाला कळतही नाही.

आता आंदर मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या टेम्पोचा दिवस बघा. सकाळी दूध नाहीतर भाजी घेऊन चार-पाच किलोमीटर. मग बंद. दुपारी बांधावरून इंद्रायणी भाताची पोती किंवा पेंढा. पुन्हा बंद. संध्याकाळी मंडपाचं सामान. सगळा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चिखलातून आणि चढावरून. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्याचे चार महिने गाडी वेगात पळवायचा प्रश्नच येत नाही.

काजळी साठते, जळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. तिकडे दुर्लक्ष केलं की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कमी करतो आणि भरलेली गाडी चढावर रखडते. मिस्त्री बोनेट उघडून बघतो, त्याच्या डोळ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही.

साधी गाडी हवी असं लोक म्हणतात ते इथे. त्यांना जुनाट गाडी नको असते, रस्त्यात अडवणारी गाडी नको असते.

दुसरं कारण : कंपनीलाही साधी गाडी नकोय

एकदा इंजिनातच एवढा खर्च गेला की गाडीची किंमत वाढणारच. मग जास्त पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला त्या बदल्यात काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून पिकअपमध्ये कारसारख्या सोयी आल्या.

महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये गाडी कुठे आहे, कशी चालतेय हे मोबाईलवर दिसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या महिंद्रा वीरोमध्ये मोठी टचस्क्रीन आणि चालकासाठी एअरबॅग मिळते. तिची सुरुवातीची किंमत ७.९९ लाख होती.

सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. एअरबॅग ही चैन नाही. दिवसाचे बारा तास गाडीत बसणाऱ्याला चांगली सीट मिळाली तर बिघडलं कुठे? साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी हवाच, असा नियम २०२५ पासून आला तो चालकासाठीच.

पण कंपनी गाडी बनवताना डोळ्यांसमोर कोणाला ठेवते, ते बघा. दहा-वीस गाड्या घेणारा, ऑनलाईन कंपन्यांचा माल पोचवणारा मालक हे मोठं गिऱ्हाईक आहे. त्याला ॲपवर गाडी दिसणं कामाचं असतं. एकच गाडी घेऊन ती पंधरा वर्षं वापरणारा पवन मावळातला शेतकरी हे छोटं गिऱ्हाईक आहे. त्याची गाडी तोच चालवतो, ती कुठे आहे हे त्याला ॲपवर बघायची गरज नसते.

जगातही हीच बोंब

हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत पिकअप इतक्या मोठ्या आणि महाग झाल्या की तिथले काही शेतकरी जपानमधून २५ वर्षांहून जुने ६६० सीसीचे छोटे 'केई' ट्रक मागवतात. बाहेरून नवीन ट्रक आणायचा तर तिथे १९६४ पासून २५ टक्के आयात कर आहे. कोंबड्यांच्या व्यापारावरून युरोपशी झालेल्या भांडणातून तो लागला, म्हणून त्याला 'चिकन टॅक्स' म्हणतात.

टोयोटानं २०२३ च्या शेवटी थायलंडमध्ये हायलक्स चॅम्प आणली. सपाट हौदा, साधी केबिन, जे लागेल ते मागे बांधून घ्या. आपल्याकडे हायलक्स आली ती २०२२ मध्ये, तीस लाखांच्या वर किमतीची, हौस म्हणून घ्यायची गाडी.

मग साधी गाडी मिळतच नाही का?

मिळते, पण छोट्या आकारात. जून २०२५ मध्ये टाटानं एस प्रो आणली. दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ७५० किलो माल आणि बाजारात आली तेव्हा सुरुवातीची किंमत होती ३.९९ लाख. सप्टेंबर २०२५ मध्ये डिझेलवरची एस गोल्ड प्लस आली. या गाडीला डीईएफ लागत नाही, हे कंपनीनं मुद्दाम ठळकपणे सांगितलं. म्हणजे लोकांची तक्रार कंपनीपर्यंत पोचलीय. मारुतीची सुपर कॅरी २०१६ पासून बाजारात आहे आणि ती पेट्रोल आणि सीएनजीवर मिळते. पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या अशा छोट्या गाड्यांना डीपीएफची कटकट नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तोही थोडा दिलासा.

खरी अडचण आहे दीड टनाच्या पुढे. घाटात भार ओढायला डिझेलच लागतं आणि तिथे साधेपणा जवळपास संपलाय. म्हणून लोक जुनी बीएस-४ पिकअप शोधत फिरतात.

इलेक्ट्रिकचं काय? यंत्र म्हणून बघितलं तर इलेक्ट्रिक गाडी सगळ्यात साधी. क्लच नाही, ऑइल नाही, धूर नाही आणि उतारावर बॅटरीत थोडी वीज परत भरली जाते. पण पावसाळ्यात वीज जाते हे मावळात कुणाला सांगायला नको. रोजची ठरलेली फेरी आणि घरी चार्जिंग असेल तरच हा सौदा जमतो.

गाडी घेताना एवढं बघाच

एक, तुमची फेरी किती लांबीची आहे? रोज पाच-सात किलोमीटरच्याच फेऱ्या असतील आणि माल टनाच्या आत असेल, तर पेट्रोल-सीएनजीचा विचार आधी करा. डिझेल घेतलीच तर आठवड्यातून एकदा जुन्या मुंबई-पुणे हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग पळवा. दिवा लागल्यावर गाडी लगेच बंद करू नका, आधी मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा.

दोन, डीपीएफ काढून टाकून देतो म्हणणारे भेटतील. ते बेकायदेशीर आहे आणि वॉरंटीही जाते.

तीन, कागदावरचं एकूण वजन बघा. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल. ते ३ हजार किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. म्हणूनच काही पिकअपचं वजन तीन टनांच्या काठावर थांबवलेलं दिसतं. फिटनेस मात्र लागतोच. नवीन गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

चार, लायसन्स. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की साधं हलक्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हा मुद्दा निघतो, म्हणून माहीत असलेला बरा.

पाच, शोरूमच्या आधी गॅरेज बघा. तुमच्या जवळच्या मिस्त्रीकडे त्या कंपनीच्या गाडीला चालणारा स्कॅनर आहे का? नसेल तर कंपनीचं वर्कशॉप किती लांब आहे आणि तिथे गाडी किती दिवस अडकते, हे तीच गाडी वापरणाऱ्या दोघांना विचारा.

हा पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या गाडीत साधेपणा होता म्हणजे काय, तर ती कामशेतच्या टपरीवजा गॅरेजात दोन तासांत उभी राहायची. आज तेच काम पिंपरीला न्यावं लागलं तर दोन दिवसांचं भाडं बुडतं आणि हप्ता काही थांबत नाही. बीएस-६ परत जाणार नाही, जायलाही नको. पण गावच्या मिस्त्रीच्या हातात स्कॅनर आणि त्याला ते वापरायचं शिक्षण मिळालं, तर आजची गाडीसुद्धा बऱ्यापैकी साधी होईल. कंपन्यांकडे मागायचंच असेल तर आधी हे मागायला पाहिजे.